फ्लॅटमधलं १ ते ४ वर्षांचं मूल: खिडकी, बादली, कूलर, गेट, स्कूटर

केतकी_पुणे

मूल रांगायला लागलं की जो तो एकच सल्ला देतो: लक्ष ठेवा. पण घरात दोन माणसं असली तर एक फोनवर असतं, दुसरं गॅसपाशी. तेवढ्यात बेल वाजते, दूध उतू जातं. लक्ष उडणारच. म्हणून हा धागा दुसऱ्या टोकापासून सुरू करतेय. मोठ्यांचं पाच मिनिटं लक्ष नसलं तरी मुलाला इजा होऊ नये, यासाठी घरात, जिन्यात आणि पार्किंगमध्ये नेमकं काय करून ठेवायचं? कृपया माप, वस्तूचं नाव आणि कुठे चुकतं ते लिहा.

पहिलं बाल्कनीचं. कठडा किमान १ मीटर, म्हणजे साधारण सव्वातीन फूट हवा, हे बिल्डरला माहीत असतं. पण ते माप फरशीपासून घेतात. घरात लहान मूल असेल तर पाय ठेवता येईल अशा सगळ्यात वरच्या जागेपासून मोजायचं. एसीचं बाहेरचं युनिट, ड्राय बाल्कनीतलं वॉशिंग मशीन, कुंडी, उपडी बादली, रद्दीचा गठ्ठा, कठड्याचाच आडवा गज, या सगळ्या पायऱ्याच आहेत. दोन फुटी युनिट कठड्याला खेटून बसवलेलं असेल तर त्या जागी कठडा सव्वा फुटाचाच उरला.

कुंड्या आणि बादल्या आत घेता येतात, पण युनिट जागचं हलत नाही. तिथे युनिटच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन फूट जास्त धरून वरपर्यंत उभे गज लावून घ्या. बेडरूममध्ये खिडकीला टेकवलेला दिवाण हाच प्रकार आहे. दीड वर्षाचं मूल सोफ्यावर चढतं आणि दोनच्या सुमारास प्लास्टिकची खुर्ची ढकलत हवी तिथे नेतं. त्यामुळे "खिडकीजवळ काही ठेवत नाही" एवढ्यावर विसंबू नका.

गजवेल

ग्रिल आणि जाळ्यांबद्दल लिहितो, कामच ते आहे.

गाळा, म्हणजे दोन गजांमधली मोकळी जागा, ४ इंचांपेक्षा कमी हवी. जुन्या इमारतींच्या ग्रिलमध्ये ती ५-६ इंच सापडते. पुठ्ठ्याचा १० सेंटिमीटर व्यासाचा गोल कापा आणि प्रत्येक गाळ्यात घालून बघा. नक्षीच्या ग्रिलमध्ये कोपऱ्यातला एखादा गाळा हमखास मोठा निघतो. गोल आरपार गेला तर मधे एक गज वेल्ड करून घ्या. गज उभेच हवेत, आडव्या पट्ट्यांवर मूल शिडीसारखं चढतं.

ग्रिल सहसा गजात तुटत नाही, बैठकीत सुटतं. खालच्या ग्रॅनाइटवर पावसाचं पाणी साचतं आणि तिथला पाय आतून गंजतो. वरून ऑइलपेंट चकचकीत असतो म्हणून कळत नाही. दर पावसाळ्यानंतर खालचे सांधे स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने टोचून बघा. पापुद्रा निघाला तर तेवढा भाग कापून बदला आणि रेड ऑक्साइडचे दोन हात मारल्यावरच रंग द्या.

आता जाळ्यांविषयी, कारण इथेच सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. मच्छरजाळीचा सरकता पल्ला मुलाचं वजन पेलत नाही, तो ट्रॅकमधून निसटतो. कबुतरांसाठीची नायलॉनची जाळी कबुतरांसाठीच असते. तिचे हुक प्लास्टरमध्ये बसवलेले असतात आणि उन्हाने धागा ठिसूळ होतो. "इनव्हिजिबल ग्रिल" म्हणजे नायलॉनचं आवरण असलेल्या स्टीलच्या तारा, दोन-दोन इंचांवर. काम नीट झालं असेल तर ती चांगली, पण तीन गोष्टी तपासा. एक, अॅल्युमिनियमचा ट्रॅक काँक्रीटमध्ये किंवा विटेत अँकरने पक्का केलाय का, की नुसता प्लास्टरमध्ये स्क्रू मारलाय. दोन, तारेचा ताण. दोन शेजारच्या तारा दोन्ही हातांनी फाकवा. मधून पुठ्ठ्याचा तोच गोल जाऊ लागला तर ताण सैल झालाय. तीन, स्टील ३१६ ग्रेडचं आहे का. समुद्राजवळ त्याहून हलकं टिकत नाही.

आणि सगळी खिडकी कायमची बंद करू नका. आग लागली तर बाहेर पडायला एका तरी खोलीत दोन बाय अडीच फुटांचा बिजागरीचा पल्ला ठेवा. त्याची किल्ली त्याच खोलीत, पाच फुटांच्या वर खिळ्याला, आणि घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला ती कुठे आहे हे माहीत हवं. तारांची जाळी असेल तर किल्लीच्या जागी वायर कटर टांगा.

रेणुका_डोंबिवली

भाड्याच्या घरात मालक एक भोकसुद्धा पाडू देत नाहीत. अशा वेळी काय? शिवाय आमच्या भागात पाणी ठरावीक वेळेलाच येतं, पिंप भरून ठेवावं लागतं. बादल्या रिकाम्या ठेवा हा नेहमीचा सल्ला आम्हाला लागूच पडत नाही.

गजवेल

सरकत्या खिडकीला ट्रॅकवर चिमट्यासारखा बसणारा स्टॉपर मिळतो, स्क्रू हाताने किंवा अॅलन कीने आवळायचा, भोक लागत नाही. पल्ला ३ ते ४ इंचच उघडेल असा लावा. दोन्ही पल्ल्यांना लावा, नाहीतर मूल दुसरा सरकवतं. पल्ला वर उचलून ट्रॅकबाहेर येतो का तेही बघा. येत असेल तर वरच्या खाचेत लाकडी पट्टी ठोकून बसवा. स्वयंपाकघराच्या दारात दाबाने बसणारं बेबी गेट चालतं, पण जिन्याच्या तोंडाशी ते वापरू नका. मूल लोंबकळलं की ते सुटतं, आणि त्याची खालची पट्टी मोठ्यांच्याच पायात येते.

मालकाला मात्र एक विचाराच: कपाट आणि टीव्हीचं स्टँड भिंतीला बांधायला दोन भोकं. उघड्या ड्रॉवरवर मूल चढलं की कपाट पुढे कोसळतं. वरच्या बाजूला दोन एल-अँगल, भिंतीत किमान ५० मिमीचा स्क्रू. नव्या इमारतींच्या भिंती बऱ्याचदा सिपोरेक्सच्या, म्हणजे हलक्या सच्छिद्र ब्लॉकच्या असतात. त्यात साधा प्लास्टिकचा गट्टू गरगर फिरतो आणि हिसक्याने उपसून येतो. हलक्या ब्लॉकसाठीचा लांब नायलॉन अँकर मागून घ्या. ड्रिलमधून पांढरी भुकटी आली तर भिंत सिपोरेक्सची, तांबडी आली तर विटेची.

सावली

रेणुकाताई, पाणी साठवायचं असेल तर ते साठवाच, फक्त उघडं ठेवू नका. बादलीत दोन-तीन इंच पाणी असलं तरी मूल बुडतं. या वयात डोकं शरीराच्या मानाने जड असतं. मूल वाकून डोकावतं, तोल पुढे जातो आणि हातांच्या जोरावर स्वतःला मागे ओढता येत नाही. पाच-सात किलोची भरलेली बादली आडवी होत नाही, म्हणून सुटका होत नाही. ओरडण्याचा आवाजही येत नाही.

पिंप घ्याल तर आट्यांच्या किंवा लोखंडी कडीने आवळायच्या झाकणाचं घ्या. नुसतं वर ठेवलेलं ताट म्हणजे झाकण नव्हे. बादल्या न्हाणीघरातच ठेवा आणि दाराला बाहेरून, साडेचार फुटांच्या वर, टॉवर बोल्ट लावा. आतली कडी काढून टाका किंवा उंचावर न्या, म्हणजे मूल स्वतःला कोंडून घेणार नाही. मुख्य दाराला आपोआप लागणारं लॅच असेल तर एक किल्ली शेजाऱ्यांकडे कायमची हवी. कचरा ठेवायला मोठं माणूस बाहेर, दार वाऱ्याने बंद, मूल आत आणि गॅस चालू, हे कुठल्याही दिवशी होऊ शकतं. वॉशिंग मशीनचा ड्रम, कमोड आणि कपडे भिजवलेलं घमेलं या यादीत विसरू नका.

गरम पाणी. गीझरची चकती ५० अंशांवर ठेवा. ६० अंशांच्या पाण्याने लहान मुलाची त्वचा काही सेकंदांतच खोलवर भाजते. बादलीत आधी गार, मग गरम. उलट क्रम केला आणि मधेच फोन आला तर बादलीत निव्वळ कढत पाणी राहतं. मूल घरात आहे तोवर हीटरची कांडी वापरू नका, भाजणं आणि शॉक दोन्ही तिथेच आहे. अजून एक: जमिनीवर पंगत मांडून आमटीचं पातेलं मधे ठेवायची पद्धत. धावत आलेलं मूल थेट पातेल्यात बसतं. गरम भांडी ओट्यावरच ठेवा आणि वाढून आणा. टेबलावर लोंबणारा टेबलक्लॉथ नको.

भाजलंच तर नळाखाली साध्या वाहत्या पाण्यात २० मिनिटं. नळाला पाणी नसेल तर तांब्याने ओतत राहा. २० मिनिटं फार लांब वाटतात, घड्याळ लावा. चिकटलेले नसतील ते कपडे काढा. वाळे, मनगट्या, करदोटा लगेच काढा, कारण सूज आली की ते रुततात. बर्फ, टूथपेस्ट, हळद, कणीक काही नको. नंतर धुतलेलं सुती कापड सैल गुंडाळा. जखम मुलाच्या तळहातापेक्षा मोठी असेल, किंवा तोंड, हात, पाय, मांड्यांमधल्या भागावर असेल तर थेट रुग्णालयात. १०८ ला फोन एकाने करायचा, पाणी दुसऱ्याने ओतत राहायचं.

जुना_वाडा

आमच्या पिढीची मुलं या कशाशिवाय वाढली. जरा जास्तच होतंय असं नाही वाटत? मुलांना पडू द्यावं, त्यातूनच ती शिकतात.

केतकी_पुणे

काका, पडू द्यावं हे मलाही पटतं. गुडघा फुटला तर फुटू दे, मातीत लोळू दे. पण वाड्याला चौक होता, मूल फार तर ओट्यावरून पडायचं आणि दहा जणांची ये-जा असायची. आताचं पडणं चौथ्या मजल्यावरून आहे. ज्यातून मूल शिकू शकतं ते मोकळं सोडायचं. ज्यातून परत येता येत नाही, फक्त तेच बंद करायचं. आणि ती यादी तशी लहान आहे: उंची, पाणी, आग, वीज, गिळलेली वस्तू, चाकं. तेवढं पक्कं केलं की दिवसभर "नको, नको" करत मागे धावावं लागत नाही.

नागपूरी_वायरमन

विजेचं मी सांगतो. घरच्या बोर्डात एमसीबी, म्हणजे जास्त करंट झाला की पडणारा स्विच असतो, त्याने वायर जळण्यापासून वाचते, माणूस नाही. शॉकपासून वाचायला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळाला की लाइन तोडणारा स्विच लागतो. त्यावर 'टी' लिहिलेलं बटण असतं. महिन्यातून एकदा दाबा, लाइट जायलाच हवी. नाही गेली तर तो नुसता डबा आहे. पुष्कळ घरांत इन्व्हर्टर बसवताना न्यूट्रल एकत्र होतात, मग आरसीसीबी सारखा पडतो, आणि कंटाळून कोणीतरी तो बायपास करून देतो. बटण दाबल्यावर कुठल्या खोलीचे पॉइंट चालूच राहतात ते फिरून पाहा. त्या लाइनला संरक्षण नाही असं समजा आणि वायरिंग दुरुस्त करून घ्या.

सॉकेट शटरचे घ्या. वरच्या भोकात लांब पिन गेल्याशिवाय खालची दोन भोकं उघडत नाहीत. दोन पिनांचा चार्जर बसेना की पेनाचं टोपण वरच्या भोकात खुपसायची सवय असते. मूल तेच बघतं आणि लोखंडी खिळ्याने करतं. तीन पिनांचा अॅडॉप्टर वापरा. सॉकेटमध्ये खोचायच्या सुट्या प्लास्टिकच्या टोप्या नको, सैल झाल्या की तोंडात जातात. जमिनीवरचं एक्स्टेंशन बोर्ड भिंतीवर चार फुटांवर स्क्रूने बसवा.

विदर्भात उन्हाळ्यात शॉकचं मोठं कारण म्हणजे लोखंडी बॉडीचा कूलर. ओलं गवत, पाण्यात बुडालेला पंप, पंपाची चिरलेली वायर, आणि दोन पिनांचा प्लग म्हणजे अर्थिंगच नाही. बॉडीत करंट उतरतो आणि मूल ओल्या फरशीवर उघड्या पायाने उभं असतं. करायचं असं: तीन पिनांचा प्लग, हिरवी वायर बॉडीला स्क्रूने घट्ट, कूलर आरसीसीबीच्या लाइनवर. पाणी भरताना नुसतं बटण नाही, प्लग उपटायचा. सीझनच्या सुरुवातीला पंपाची वायर पूर्ण लांबीभर हाताने चाचपायची. चिकटपट्टी दिसली तर पंपच बदला. कूलर खिडकीबाहेर स्टँडवर ठेवला तर आतून मुलाचा हात पोचणार नाही अशी जाळी हवी.

बी_विंग

सोसायटीच्या कमिटीने करायची कामं, सभेत मांडायला सोपी जावीत म्हणून लिहितो आहे.

सरकतं लोखंडी गेट. मुलं त्यावर लटकून सरकायचा खेळ करतात. गेट खाली चाकांवर आणि वर दोन गाइड रोलरच्या मधे चालतं. शेवटी स्टॉपर नसेल, किंवा वेल्डिंग तुटून गेला असेल, तर पल्ला रोलरच्या पकडीबाहेर जातो आणि आडवा पडतो. त्याचं वजन शेकड्यांनी किलो असतं. तपासणी: मुलं लांब ठेवून दोन मोठ्या माणसांनी गेट दोन्ही टोकांना पूर्ण ढकलायचं. ते काँक्रीटमध्ये रोवलेल्या स्टॉपरवर आदळून थांबलं पाहिजे. रोलरवर अडकून थांबत असेल तर ते थांबणं नव्हे. रोलरमध्ये गेट डुलत असेल तर बेअरिंग गेलंय. दोन्ही टोकांना स्टॉपर, आणि वर एक जास्तीचा सी-आकाराचा कंस, ज्याने गेट रोलरमधून सुटलं तरी कलंडत नाही. फॅब्रिकेटरचं अर्ध्या दिवसाचं काम आहे.

जमिनीखालची टाकी. झाकण बिजागरीचं आणि कुलपाचं, किल्ली वॉचमनकडे. टँकर येऊन गेला की झाकण उघडं राहतं, म्हणून झाकणाखाली आत ४ इंच गाळ्याची लोखंडी जाळी बसवा. टँकरचा पाइप तिच्यातून आत जातो, मूल जात नाही. पाइप जाडा असेल तर तेवढ्यापुरती एक गोल खाच, कोपऱ्यात.

बागेतले दिवे आणि बोअरचा पंप वेगळ्या आरसीसीबीवर घ्या. पावसात दिव्याच्या खांबाला हात लावून खेळतात. जॉइंट जमिनीत पुरलेले नको, फूटभर वर, बंद डब्यात हवेत.

पार्किंग. उंच गाडीच्या मागे लगेच उभं असलेलं तीन वर्षांचं मूल आरशात दिसत नाही. नियम एकच करा आणि तो पाळायला लावा: गाडीत बसण्याआधी एक फेरी मागून. वळणावर बहिर्गोल आरसा, उतार संपतो तिथे गतिरोधक. मुलांच्या सायकलींना उतारावर बंदी, आणि त्याबदल्यात संध्याकाळी दोन तास मागच्या बाजूला गाड्यांना बंदी. नुसती बंदी घातली तर मुलं उतारावरच येणार.

जाळीच्या दाराची जुनी लिफ्ट असेल तर मूल मागच्या भिंतीला टेकवून, त्याच्या आणि दाराच्या मधे मोठं माणूस. चालू लिफ्टमध्ये बोटं आणि चपलेची टोकं जाळीबाहेर जातात. आपोआप बंद होणाऱ्या दारात उलटा धोका: मूल पुढे पळतं, दार लागतं, लिफ्ट निघून जाते. दार उघडायच्या आधीच हात धरलेला हवा. तीन वर्षांपासून एवढं शिकवता येतं: लिफ्ट थांबली तर घंटेचं बटण दाबायचं आणि खाली बसायचं, दार ओढायचं नाही.

रेणुका_डोंबिवली

फारच उपयोगी. सावलीताई, गिळण्याबद्दलही लिहाल का? शेंगदाण्यांवरून घरात रोज वाद होतो.

सावली

अख्खे शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं, चिकूच्या बिया चार वर्षांपर्यंत नको. दाण्याचं कूट द्या, द्राक्ष लांबीत चार तुकडे करून. शेंगदाणा श्वासनळीत गेला की फुगतो. कधी थोडा खोकला येऊन मूल शांत होतं आणि घरच्यांना वाटतं निघाला. खाताना अचानक ठसका लागून नंतर एका बाजूला शिट्टीसारखा श्वास राहिला तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

मूल खोकतंय, रडतंय तोवर खोकू द्या. आवाजच बंद झाला तर: एक वर्षाखालचं बाळ पालथं, डोकं खाली, दोन खांद्यांच्या मधे तळहाताच्या टाचेने ५ थापा, मग उताणं करून छातीच्या मधोमध दोन बोटांनी ५ दाब. आलटून पालटून. वर्षावरच्या मुलाला पाठीत ५ थापा, मग मागून मिठी मारून बेंबीच्या वर मूठ ठेवून आत-वर ५ हिसके. दिसत नसलेली वस्तू बोट घालून काढू नका, ती आणखी आत जाते.

सगळ्यात वाईट वस्तू म्हणजे नाण्यासारखी बटण बॅटरी. वजनकाटा, छोटे रिमोट, दिवाळीच्या एलईडी पणत्या, आवाज करणारी खेळणी यांत असते. घशाखाली अडकली तर दोन तासांत अन्ननलिका जळू लागते. गिळल्याचा नुसता संशय असला तरी थेट एक्स-रेची सोय असलेलं मोठं रुग्णालय. उलटी करवू नका, खायला देऊ नका. मूल एक वर्षाच्या वरचं असेल, गिळून १२ तास झाले नसतील आणि ते नीट गिळू शकत असेल तर वाटेत दर १० मिनिटांनी दोन चमचे मध, जास्तीत जास्त ६ वेळा. पण मधासाठी निघायला उशीर करू नका. ज्या वस्तूचं बॅटरीचं झाकण स्क्रूने बंद होत नाही, ती घरातून काढा. फिनेल आणि अॅसिड कधीही कोल्ड्रिंकच्या बाटलीत ओतू नका, डांबरगोळ्या कपाटाच्या वरच्या कप्प्यात.

दोन_चाकी

स्कूटरचं राहिलं. केंद्राच्या मोटार वाहन नियमांतली दुरुस्ती १५ फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे: मागे बसवलेल्या चार वर्षांखालच्या मुलाला चालकाशी बांधणारा पट्टा, ९ महिने ते ४ वर्षांच्या मुलाला हेल्मेट, वेग ताशी ४० किमीच्या आत. ९ महिन्यांखालचं बाळ दुचाकीवर नेऊच नये, मान डोक्याचा भार झेलत नाही.

पट्टा मुलाच्या दोन्ही खांद्यांवरून येऊन चालकाच्या खांद्यांना जोडलेला हवा. नुसता कमरेचा पट्टा झोपलेल्या मुलाला सांभाळत नाही, ते बाजूला कलतं. छातीशी दोन बोटं जातील इतकाच सैल. मोटारसायकलवर साडीगार्ड काढलं असेल तर परत बसवा, टाच आऱ्यांत जाते. ओढणी आणि रेनकोटचं टोकही तिथेच अडकतं.

पुढच्या फळीवर मूल उभं करायची सवय मोडा. ब्रेक लागला की त्याचं तोंड थेट मीटरवर आपटतं. आणि एक गोष्ट जवळून पाहिल्याशिवाय लक्षात येत नाही: दुकानापाशी गाडी चालू ठेवून चालक उतरतो, मूल पुढेच उभं असतं, आणि तोल सावरायला त्याचा हात उजव्या मुठीवर पडतो. गिअर नसलेली गाडी त्याच क्षणी उसळते. उतरताना क्रम पक्का करा: किल्ली बंद, मूल खाली, मग आपण. इलेक्ट्रिक गाडीचा आवाज येत नसल्याने ती बंद आहे असंच वाटतं, तिथे तर जास्तच.

केतकी_पुणे

हेल्मेट कोणत्या मापाचं घ्यायचं? दुकानदार म्हणतात दोन वर्षं चालेल असं मोठं घ्या.

दोन_चाकी

वाढत्या अंगाचं हेल्मेट घेऊ नका. भुवयांच्या वर बोटभर अंतरावर टेप फिरवून डोक्याचा घेर मोजा. दोन वर्षांच्या मुलाचा साधारण ४८-४९ सेंटिमीटर भरतो. दुकानातलं 'स्मॉल' बहुतेक वेळा मोठ्यांचं असतं, म्हणून सेंटिमीटरमधलं माप विचारा. घालून पट्टा लावा आणि मागून वर ढकला. हेल्मेट डोळ्यांवर आलं तर मोठं आहे. गाल किंचित दाबले गेले पाहिजेत. पट्ट्याखाली एक बोट जाईल इतकी जागा पुरे. वजनही हातात घेऊन बघा, जड हेल्मेटने मान दुखते आणि मग मूल ते रोज उपटून टाकतं. घरात खेळताना दहा-दहा मिनिटं घालायची सवय आधी लावा, नाहीतर पहिल्याच दिवशी सिग्नलला रडारड होऊन ते डिकीत जातं. आणि एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून धड दिसलं तरी बदला, आतलं थर्माकोल दबलेलं असतं.